पाच पायांची म्हैस

तिकोणा पेठेत माझं आजोळ. मामाच्या अंगणात उभं राहून मान वर केली की गड थेट डोक्यावर आल्यासारखा दिसतो. त्रिकोणी, म्हणून तिकोणा. दुसरं नाव वितंडगड. दिवाळीच्या सुमारास खाचरांतलं इंद्रायणी कापून होत आलेलं असतं, हवेत पेंढ्याचा वास असतो, आणि त्याच दिवसांत अंगणाच्या कोपऱ्यात दुसरा गड उभा राहू लागतो. खाली विटांचे तुकडे आणि दगड, त्यावर उपडं घातलेलं फुटकं घमेलं, आणि सगळ्यावरून चिखलात बुडवून काढलेलं गोणपाट. गोणपाटाच्या सुरकुत्या आपोआप सोंडा आणि घळी होतात. मग चाळलेली माती, मातीवर अळीव, आणि अळिवावर दिवसातून चार वेळा हाताने शिंपडलेलं पाणी.

दोन वर्षांपूर्वी गडावरून उतरलेला एक पाहुणा पाणी प्यायला थांबला. ओट्यावर बसून त्याने मामाच्या नातीला विचारलं, "एवढा खरा किल्ला समोर असताना हा मातीचा कशाला गं?"

ती चिखल थापत होती. वर न बघता म्हणाली, "त्याच्यावर आमची म्हैस नाहीये."

तिच्या गडावर होती. कुंभाराकडून आणलेले मावळे बोटाएवढे आणि तिने स्वतः वळलेली म्हैस वीतभर. शिंगं कारवीच्या काटक्यांची, डोळ्यांच्या जागी दोन गुंजा. मावळे तलवारी उपसून तिच्यापुढे रांगेत उभे. मी म्हटलं, "ही लढाई आहे का?" ती म्हणाली, "नाही आत्या, दुधाची रांग आहे." दरवाजा म्हशीच्या गुडघ्याएवढा होता. ती आत कशी जाणार, हे विचारायची मला गरज वाटली नाही.

मामाने तिला गडाचा इतिहास सांगितलेला आहे. 1657 मध्ये महाराजांनी हा गड स्वराज्यात आणला, 1665 च्या पुरंदरच्या तहात मोगलांना दिलेल्या तेवीस किल्ल्यांत तोही गेला, आणि पुढे परत आला. ती हे सगळं घडाघडा सांगते. पण गड रचायला बसली की या इतिहासातलं तिला एवढंच उरतं, की इतकी माणसं वर राहत होती तर त्यांना दूध लागत असणार. मला हा प्रश्न फार मोलाचा वाटतो. शहरांतल्या किल्लेस्पर्धांमध्ये मुलं राजगड-रायगडाच्या इतक्या हुबेहूब प्रतिकृती करतात की त्यांच्या चिकाटीला हात जोडावेत. तरी तिथे बुरूज मोजता मोजता माझी नजर एखादी चुकार म्हैस शोधत राहते. आमच्या लहानपणी प्रत्येक किल्ल्यावर एक प्लास्टिकचा वाघ असायचा, पायथ्याशी एसटी असायची, आणि आरशाच्या तुकड्याच्या तळ्यात बदक पोहत असायचं. वाघ मावळ्यांपेक्षा मोठा आणि बदक एसटीपेक्षा. कुणाला काही खटकायचं नाही. ज्याच्याकडे जे लाडकं खेळणं असेल, त्याला गडावर जागा मिळायची.

खऱ्या गडाच्या वाटेवरही एक मोठी मूर्ती आहे. चपेटदान मारुती. चपेट म्हणजे थप्पड. एक हात उगारलेला, पायाखाली पनवती, अंगभर शेंदूर. त्याच्यापुढे उभी राहिले की दर वेळी मला तो दगडावर छिन्नी धरणारा माणूस आठवतो. मारुती हात जोडून उभा दाखवता आला असता, द्रोणागिरी उचललेला दाखवता आला असता. इथे पनवतीला एक लगावून देणारा हवा, अशी घडवणाऱ्याची किंवा घडवून घेणाऱ्याची कुणाची तरी लहर असणार. जवळच चुन्याची घाणी आहे, दगडात कोरलेली गोल चर आणि तिच्यात फिरवायचं जड चाक. गडाच्या भिंती ज्याने सांधायच्या तो चुना तिथे मळायचा. मुलीच्या गडावरही घाणी आहे. बांगडी मातीत दाबून उमटवलेली.

त्या दिवाळीत मी तिच्या म्हशीचं चित्र पन्नास पैशांच्या पोस्टकार्डावर काढलं आणि कुडाळला राहणाऱ्या मैत्रिणीला पाठवलं. टाकाने काढताना शाईचा एक थेंब पोटाखाली पडला आणि ओघळून खाली लांबला. वाळल्यावर तो पायासारखाच दिसायला लागला. मी तो खोडला नाही. मजकूरही लिहिला नाही, नुसती म्हैस आणि पत्ता. शि. द. फडणीसांच्या चित्रांवर वाढलेल्या घरातली मी आहे; चित्राखाली ओळ नसली तर बघणाऱ्याला जास्त जागा मिळते, हे त्यांच्याकडून शिकले. आमच्या घरी 'मोहिनी'चं त्यांनी केलेलं एक जुनं मुखपृष्ठ जपून ठेवलेलं होतं. शेजारी उभे असलेले दोघं अनोळखी, एकाच्या कपड्यांवर मांजरं आणि दुसऱ्याच्या कपड्यांवर उंदीर. आई ते दाखवायची आणि आम्ही काय म्हणतो याची वाट बघायची. 1925 साली बेळगाव जिल्ह्यातल्या भोज गावी जन्मलेल्या या माणसाने मुखपृष्ठांवरची ही गंमत बालभारतीच्या गणिताच्या पुस्तकांत नेली, 'हसरी गॅलरी' म्हणून प्रदर्शनात मांडली आणि 'चित्रहास' करून रंगमंचावर लोकांसमोर रेखाटली. बेरीज-वजाबाकीला घाबरणाऱ्या पोरांच्या हातात त्यांनी हसणारं गणिताचं पुस्तक दिलं. याहून मोठं काम मला सुचत नाही.

कुडाळहून उत्तर आलं नाही. पावसाळा संपता संपता मीच तिकडे गेले, आणि मैत्रीण मला पिंगुळीला घेऊन गेली. ठाकर समाजाचे लोक तिथे पिढ्यान् पिढ्या चित्रकथी सांगत आले आहेत. रामायणातला प्रसंग कागदावर रंगवलेला असतो. एकेक चित्र समोर धरायचं आणि गात गात कथा पुढे न्यायची. त्याच हातांत कळसूत्री बाहुल्या असतात, दोऱ्यांवर नाचणाऱ्या. आणि त्याच घरात चामड्याच्या बाहुल्या, पडद्यामागे दिवा लावून ज्यांच्या सावल्या खेळवायच्या. परशुराम गंगावणे यांनी हे सगळं जतन करायला आपल्या गुरांच्या गोठ्यात संग्रहालय उभं केलं. 2021 साली त्यांना पद्मश्री जाहीर झाली.

त्या गोठ्यात मी बराच वेळ होते. कागदावरचा रावण, दोरीवरचा रावण आणि चामड्यातला रावण यांची तुलना मनात चालली होती. कागदावर त्याचे डोळे मोठे आणि स्थिर. दोरीला लटकला की त्याला कंप येतो. कितीही दरडावला तरी मान जराशी डुगडुगते, आणि त्यामुळे तो म्हातारा वाटू लागतो. चामड्याच्या बाहुलीत जागोजाग छिद्रं पाडलेली असतात. पडद्यावर त्यांतून उजेड गळतो आणि रावणाच्या अंगावर दागिन्यांसारखा चमकतो. कथा तीच, पण कागद, दोरा आणि कातडं आपापली एकेक गोष्ट तिच्यात घालतात. ती सांगणाऱ्याने ठरवलेली नसते. त्याने फक्त ती पुसून टाकलेली नसते.

निघताना मैत्रिणीने पिशवीतून एक चौकोनी तुकडा काढून माझ्या हातात ठेवला. आईच्या जुन्या लुगड्यांची गोधडी शिवताना तिने त्याच कापडांतून हा एक तुकडा वेगळा शिवला होता. हिरव्या काठाचा डोंगर, आणि डोंगराएवढी काळी म्हैस. शाईचा तो ओघळ तिने पाय समजून, की पाय करायचा म्हणून, काळ्या चिटाचा पाचवा पाय लावला होता. बारीक धावदोऱ्याने, कडा आत दुमडून, बाकीच्या चार पायांइतक्याच काळजीने. मी विचारलं नाही. तिनेही सांगितलं नाही.

गेल्या दिवाळीला तो तुकडा मी पेठेत नेला. मुलीने तो मांडीवर पसरला, बोट ठेवून पाय मोजले, परत मोजले.

"आत्या, हिला पाच पाय का?"

"माझ्या हातून शाई सांडली होती. मावशीला तो पाय वाटला."

ती थोडा वेळ गडाकडे बघत राहिली. मातीच्या नाही, वरच्या. बालेकिल्ल्याच्या त्या उभ्या, गुडघ्याएवढ्या पायऱ्या तिला पाठ आहेत.

"बरंच झालं," ती म्हणाली. "चढताना लागेल."

आणि तिने नवी म्हैस वळायला घेतली. ओल्या मातीचा पाचवा पाय काही केल्या टिकेना, सारखा वाकायचा. शेवटी तिने आत काडी घातली. या वेळी म्हैस दरवाजाबाहेर नव्हती. ती थेट शिखरावर, महादेवाच्या देवळाशेजारी, पवनेच्या पाण्याकडे तोंड करून उभी होती. पवनेचं पाणी म्हणजे निळ्या रांगोळीचा पट्टा. मावळ्यांची रांग वळणं घेत तिथपर्यंत गेली होती आणि सगळ्यात मागे चपेटदान मारुती, कुंकू लावलेला, हात वर. तो रांग मोडणाऱ्यांसाठी आहे, असं कळलं. संध्याकाळी वाडीतली पोरं आली, बाया आल्या. एका आजींनी म्हशीचे पाय मोजले आणि काही न बोलता घरी जाऊन चिमूटभर पेंड आणून तिच्यापुढे ठेवली.

दिवाळी झाली. फटाके लावून गड उडवायची रीत आमच्याकडे नाही. तो दवाने आपोआप खचत जातो. अळीव मात्र त्या दिवसांत जोरात वाढतं, बोटभर उंच आणि दाट. मी पुण्याला निघायच्या सकाळी मामाने धार काढून म्हैस सोडली, ती पाण्यावर जायच्या आधी अंगणाच्या कोपऱ्यात वळली. मुंडी खाली घातली आणि तिकोण्याचा उत्तरेकडचा उतार शांतपणे खायला लागली.

मी ओरडणार होते. मुलीने माझा हात धरला. मग पुढे होऊन तिने पाच पायांची म्हैस अलगद उचलली, खऱ्या म्हशीच्या तोंडापासून जरा बाजूला ठेवली, आणि उरलेलं अळीव तिला नीट खाता यावं म्हणून दोन मावळे काढून घेतले.