सदतीस मोटारी परत गेल्या

वाचकहो, आपल्या घरातही एखादी अशी जुनी वस्तू असेल की तिच्याकडे लक्ष गेले म्हणजे एखादा जुना वाद मनात पुन्हा जागा होतो. माझ्या घरी बिडाचा ओतलेला एक सिलिंडर हेड आहे. दार वाऱ्याने आपटू नये म्हणून तो दाराशी ठेवलेला असतो. माझ्या वडिलांशी झालेल्या भांडणाची ती एकमेव निशाणी. त्या भांडणाचा उलगडा मला चाळीसहून अधिक वर्षांनी, तोही अमेरिकेत एका मोटारीपाशी झाला. ती हकीकत आज आपल्याला सांगावीशी वाटते.

कोल्हापूरच्या उद्यमनगरात आबांचा ओतकामाचा लहानसा कारखाना होता. शेतीच्या पाण्यासाठी लागणाऱ्या ऑइल इंजिनांचे भाग आम्ही ओतीत असू. १९७४ साली एका व्यापाऱ्याने तोंडी शब्दावर नव्या धर्तीचे चाळीस हेड सांगितले. साचे नवे, कामही नाजूक. हिशेब होईपर्यंत किंमत अंदाजाबाहेर गेली. व्यापाऱ्याने हात झटकले. आठ महिने माल पडून राहिला. मग एके दिवशी आबांनी घण मागविले, एकोणचाळीस हेड फोडून कुपोला भट्टीत घातले आणि त्या बिडातून चालू खपाचा माल ओतला. मी तेव्हा नुकताच पदविका घेऊन आलो होतो. "आबा, थोडे थांबा. उद्या या मालाला सोन्याचा भाव येईल," असे मी परोपरीने विनविले. ते एवढेच म्हणाले, "बीड थांबतं रे, व्याज थांबत नाही." चाळिसावा हेड मी रागाने घरी उचलून आणला. आबा १९९१ साली गेले. तोवर या विषयावर आम्ही पुन्हा बोललो नाही.

२०१६ साली मी इलिनॉय राज्यात मुलाकडे गेलो होतो. एका रविवारी तो मला जुन्या मोटारींच्या मेळाव्याला घेऊन गेला. लहान, आटोपशीर मोटारीत मोठे इंजिन बसवून केलेल्या वेगवान गाडीला तिकडे 'मसल कार' म्हणतात. रंगीबेरंगी पट्ट्यांच्या अशा अनेक गाड्या तेथे होत्या. पण सर्वांत मोठी गर्दी एका साध्यासुध्या शेव्हरोले कमारोभोवती होती. चाकांवर साध्या टोप्या, अंगावर कोणतेही खास नाव नाही. तिच्या वृद्ध मालकाने बॉनेट उघडले आणि माझ्यातला ओतारी जागा झाला. इंजिनाचा ठोकळा आणि हेड दोन्ही ॲल्युमिनियमचे होते!

ही १९६९ सालची 'झेडएल १' कमारो. ४२७ घनइंचांचे, म्हणजे सात लिटरचे ते इंजिन शर्यतीसाठी घडविलेले. कागदोपत्री त्याची शक्ती ४३० अश्वशक्ती. प्रत्यक्षात ती पाचशेच्याही वर असल्याचे जाणकार सांगतात. ॲल्युमिनियमचा रस बाष्पातला हायड्रोजन शोषतो आणि निवताना अंगात बारीक छिद्रे ठेवून जातो. म्हणून एवढा मोठा, निर्दोष ठोकळा ओतणे किती कठीण, हे मला कोणी सांगावयास नको होते. सिलिंडरांत मात्र झीज सोसणारी बिडाची अस्तरे बसविलेली होती.

इतके मोठे इंजिन कमारोत घालण्यास कंपनीच्या नियमांची आडकाठी होती. परंतु टॅक्सी, पोलीस इत्यादींच्या खास मागण्यांसाठी मध्यवर्ती कार्यालयाच्या हुकुमाची एक वेगळी वाट होती. तिला 'कोपो' म्हणत. ला हार्प या इलिनॉयमधल्याच छोट्या गावचे विक्रेते फ्रेड गिब यांनी ती वाट धरली. पाव मैलाच्या सरळ शर्यतीत त्यांना ही गाडी उतरवायची होती आणि नियमाप्रमाणे अशा किमान पन्नास गाड्या तयार होणे आवश्यक होते. गिब यांनी पन्नासच्या पन्नास गाड्यांची मागणी स्वतःच्या अंगावर घेतली. पहिल्या गाड्या ३१ डिसेंबर १९६८ रोजी आल्या आणि सोबत किमतीचा कागद आला. आठ सिलिंडरांची साधी कमारो सुमारे २,७०० डॉलरांना मिळे. या एका इंजिनाच्या पर्यायाचेच ४,१६० डॉलर होत होते. घोड्यापेक्षा खोगीर महाग! एकूण किंमत सात हजारांवर गेली. लहान गावात गिऱ्हाईक कोठून येणार? गिब यांनी तेरा गाड्या ठेवल्या आणि सदतीस कंपनीकडे परत पाठविल्या. त्या इतर विक्रेत्यांकडे वाटल्या गेल्या. इतरांच्या मागण्या धरून अशा गाड्या बनल्या अवघ्या ६९.

आज त्यांपैकी एकेक गाडी लिलावात कित्येक लाख डॉलरांना जाते. मालकाने हे सांगताच मुलगा हसून म्हणाला, "बाबा, त्या माणसाने सदतीस गाड्या ठेवून घेतल्या असत्या तर!"

वाचकहो, ते शब्द ऐकून मी चपापलो. ते माझेच १९७४ सालचे शब्द होते. परंतु त्या गाडीपुढे उभे असताना मला प्रथमच दुसरी बाजू दिसली. गिब यांच्यापुढे पुढल्या काळातला लिलाव नव्हता. त्यांच्यापुढे सदतीस गाड्यांचे पैसे भरण्याचा दिवस होता. शिवाय त्या गाड्या दुर्मिळ झाल्या त्या कोणी घेतल्या नाहीत म्हणूनच. हातोहात खपल्या असत्या तर आणखी बनल्या असत्या आणि आज त्यांच्याभोवती एवढी गर्दी जमली नसती. नंतरच्या भावावरून त्या दिवसाच्या निर्णयाला नावे ठेवणे हा त्या माणसावर अन्याय होय.

आणि आबांच्या हेडांना तर पुढेही कोणी विचारले नाही. त्यांनी ते फोडले, त्याच महिन्यात बारा कामगारांचा पगार वेळेवर झाला. ही गोष्ट तेव्हाही मला ठाऊक होती. पण मी ती हिशेबात धरली नव्हती.

घरी परतल्यावर मी तो हेड पुसून पाहिला. ओतकाम स्वच्छ आहे. एकही छिद्र नाही. आबांनी किती जिवापाड काम केले होते, आणि ते स्वतःच्या हाताने फोडताना त्यांना काय वाटले असेल, हे मी त्यांना कधी विचारलेच नाही. हेड आजही दाराशीच असतो. नातू कधी विचारतो, "आजोबा, हे काय आहे?" तेव्हा मी त्याला जवळ बसवतो आणि आधी त्या बारा माणसांची नावे सांगतो.