नदीचा जुना नकाशा उलगडताना

मैत्रिणींनो, कोकणात जायचं म्हटलं की लाडू-चिवड्याचे डबे तर आपण भरतोच. पण वाशिष्ठीच्या काठाने चिपळूणहून दाभोळकडे जाणार असाल, तर पिशवीत आणखी एक वस्तू टाका. सर्वे ऑफ इंडियाच्या जुन्या नकाशाची प्रत! एका इंचाला एक मैल असं त्याचं माप.

पहिल्यांदा पाहताना गोंधळ उडतो खरा. पण रंग ओळखले की झालं. निळं ते पाणी, हिरवं ते रान, पिवळी ती शेतजमीन, तांबडे ते रस्ते. तपकिरी रेषा उंचीच्या, दर पन्नास फुटांना एक. त्या दाटीवाटीने आल्या की चढण उभी. लांब लांब गेल्या की सपाटी.

आता सह्याद्रीवर बोट ठेवा आणि नदीबरोबर खाली या. चिपळूण, जवळचं गोवळकोट बंदर, मग रुंदावत जाणारी खाडी, आणि शेवटी समोरासमोर दाभोळ अन् अंजनवेल. रस्ते थोडे, पाण्याचीच वाट मोठी. कितीतरी आज्या-पणज्या याच वाटेने होडीतून सासरी गेल्या असतील, नाही का?

काही गोष्टी मात्र यात सापडायच्या नाहीत. १९६२ साली कोयनेची वीज सुरू झाली आणि तिचं पाणी वाशिष्ठीत येऊ लागलं. १९९८ साली कोकण रेल्वे पुरी झाली.

सपाटी मात्र तीच आहे. चिपळूणपाशी तपकिरी रेषा नदीपासून दूर सरकतात. २२ जुलै २०२१ रोजी अतोनात पाऊस झाला, त्यात खाडीला भरती. पाणी शहरात शिरलं आणि कितीतरी जणींचे धान्याचे डबे, गाद्या, शिवणयंत्रं चिखलात गेली.

म्हणून सांगते, नदीकाठच्या गावात घर घेताना आपण ओटा पाहतो, नळाला पाणी कधी येतं ते विचारतो; तशी जागेची उंचीही पाहावी. पन्नास फुटांच्या रेषांत दहा फुटांचा फरक कळत नाही बरं का! तेव्हा शेजारच्या आजीबाईंनाही विचारा, "पाणी कुठवर आलं होतं हो?" नकाशा आणि आजीबाई, दोघांचं जुळलं, की मगच विसार द्या.