खाच की छिद्र?

चांदमारीवर किंवा पोलिसांच्या खांद्यावर ‘थ्री नॉट थ्री’ पाहिलेल्या वाचकांना तिची मागची साइट आठवत असेल : नळीवर बसवलेली उघडी खाच. नेम धरताना खाच, पुढची माशी आणि लक्ष्य एका रेषेत आणायचे असते. पण डोळा एका वेळी एकाच अंतरावर स्थिरावतो. माशी स्पष्ट दिसली की खाचेच्या कडा पुसट होतात, आणि चाळिशीनंतर तर हा त्रास वाढतच जातो. पीप साइटमध्ये खाचेच्या जागी डोळ्याजवळ बारीक छिद्र असते. त्याच्याकडे पाहायचे नसते, त्यातून पाहायचे असते. माशी छिद्राच्या मधोमध ठेवण्याचे काम डोळा फारसे न सांगता करतो. शिवाय बारीक छिद्र कडेचे किरण अडवते, त्यामुळे माशी आणि लक्ष्य दोन्ही पुरेसे रेखीव दिसतात. म्हणून जुन्या धाटणीच्या रायफलवर नेम शिकवायचा असेल, तर सुरुवात पीप साइटनेच व्हावी, असे माझे ठाम मत आहे.

याचा पुरावा ‘थ्री नॉट थ्री’च्या ली-एनफिल्ड घराण्यातच सापडतो. पहिल्या महायुद्धातल्या नंबर 1 मार्क 3 रायफलीत खाच आणि माशी यांच्यात साधारण 19 इंचांचे अंतर होते. पुढे आलेल्या नंबर 4 मध्ये पीप साइट थेट डोळ्याजवळ सरकली आणि हे अंतर 28 इंचांच्या वर गेले. जुळणीत पाव मिलिमीटरची चूक झाली, तर 100 मीटरवर पहिल्या रायफलीची गोळी सुमारे 5 सेंटिमीटर भरकटते, दुसरीची साडेतीन. नळीची लांबी जवळपास तीच, गोळी तीच. फरक साइटच्या जागेचा. आपल्या इशापूर कारखान्याने 7.62 मिलिमीटरच्या 2ए1 रायफलीत जुनी खाच कायम ठेवली. लष्कराच्या 1ए1 एसएलआरमध्ये मात्र पीप साइट आली.

अंधुक उजेडात छिद्र आड येते आणि धावत्या लक्ष्यावर खाच लवकर जुळते, हा आक्षेप बारीक छिद्रापुरता खरा आहे. लढाऊ रायफलींवर म्हणूनच मोठे छिद्र ठेवतात. दुसरा आक्षेप परंपरेचा. पण नंबर 1 मार्क 3 च्या सुरुवातीच्या रायफलींवर लांब पल्ल्याच्या माऱ्यासाठी डाव्या बाजूला छिद्राची साइट होतीच. म्हणजे छिद्र परंपरेबाहेरचे नाही. पीप साइट बसवण्यासाठी जुन्या रायफलीला नवी भोके पाडणे मात्र चूकच. मूळ स्क्रूंवर बसणारी साइटच निवडावी.

कोल्हापूर जिल्ह्यातल्या स्वप्नील कुसाळेने 2024 च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये 50 मीटर थ्री पोझिशन प्रकारात कांस्यपदक मिळवले, तेही दुर्बिणीविना, पीप साइटमधूनच. छत्रपती संभाजीनगरातल्या एनसीसी आणि नेमबाजीच्या प्रशिक्षकांना माझी विनंती आहे : नवशिक्याला आधी छिद्रातून पाहायला शिकवा, खाच नंतर शिकवा. श्वास, ट्रिगर आणि खांद्याची बैठक या गोष्टी एकदा पक्क्या झाल्या की खाचही त्याला अवघड जाणार नाही.