जिंजीचं कोठार

मैत्रिणींनो, तिरुवण्णामलैला गेलात, तर चाळीसेक किलोमीटरवरची जिंजी चुकवू नका. विळुप्पुरम जिल्ह्यातल्या शेतांमधून अचानक तीन खडकाळ डोंगर दिसतात: राजगिरी, कृष्णगिरी, चांद्रायणदुर्ग. १६७७ साली शिवाजीमहाराजांनी हा किल्ला घेतला. पुढे राजाराममहाराजांनी इथूनच राज्य राखलं. मोगलांचा वेढा १६९० पासून, किल्ला पडला १६९८ साली.

शाळेत मी या सनावळ्या शिकवते. पण गडावरची अजस्र धान्यकोठारं पाहिली आणि थबकलेच. सात-आठ वर्षं इतकी तोंडं कशी भागवली असतील? महिनाअखेरीला डब्यांतला खडखडाट ऐकणाऱ्या आपल्यालाच तो हिशेब कळेल! याच वेढ्यात, १६९६ साली, ताराबाईंना मुलगा झाला. बाळंतिणीचं तूप-डिंक कुठून आलं असेल?

आता वर्गात तेही विचारते.

चढायचं मात्र सकाळीच, पाणी बरोबर घेऊन हं!