उलाळ

टांग्यात बसण्याचा योग ज्यांना लहानपणी आला असेल, त्यांना ‘उलाळ’ आणि ‘धुरजड’ या दोन शब्दांचा अर्थ सांगावयास नको. मागे ओझे जास्त झाले, की गाडी उलाळ होते. दांड्या वर उचलल्या जातात. पुढे भार अधिक झाला, की ती धुरजड. मग सारा बोजा बिचाऱ्या घोड्याच्या पाठीवर. सांगलीच्या स्टेशनाबाहेरचा आमचा टांगेवाला उतारूंना चार बोटे इकडे, चार बोटे तिकडे सरकवून गाडी तोलून घेई आणि मगच चाबूक उचली. हे ज्ञान पुढे आयुष्यात उपयोगी पडेल, असे आम्हांस कधीही वाटले नव्हते. ते उपयोगी पडले अमेरिकेत, ओहायो राज्यात राहणाऱ्या आमच्या पुतण्याच्या गॅरेजमध्ये!

पुतण्याने तेथे एक जुना ट्रक घेतला होता. आपल्याकडील मालट्रक नव्हे. पुढे दोघातिघांपुरती जागा आणि मागे उघडा हौदा, अशी ती १९७६ सालची फोर्ड एफ-१०० गाडी. ती शर्यतीत पळविण्यासाठी घेतली आहे, असे कळताच आम्ही त्याला एक लांबलचक पत्र धाडले होते. त्याच्या वडिलांच्या माघारी त्याचा कान धरण्याचा हक्क आमचाच, या समजुतीने लिहिलेले ते पत्र सौम्य नव्हते. त्याचे उत्तर आले नाही. दोन वर्षांनी आम्ही त्याच्याकडे गेलो, तेव्हा त्या पत्राचा विषय कोणीच काढला नाही. परंतु जेवताना, बोलताना ते सतत आमच्या दोघांच्या मध्ये होते.

ही ड्रॅग शर्यत मोठी चमत्कारिक. वळण नाही, चढ नाही. सरळ रस्त्यावर पाव मैल, म्हणजे १३२० फूट धावायचे. दोन गाड्या शेजारी उभ्या राहतात, खांबावरचे पिवळे दिवे लागून हिरवा लागतो, आणि आमचा चष्मा पुसून होईतो सारे आटोपलेले असते! दुसऱ्या महायुद्धानंतर कॅलिफोर्नियातील तरुण हा खेळ गावच्या रस्त्यांवरही खेळत. १९५० साली सांता आना येथील विमानतळावर त्यासाठी पट्टी मिळाली. १९५१ साली वॉली पार्क्स यांनी नॅशनल हॉट रॉड असोसिएशन स्थापन केली. खेळ रस्त्यावरून उठवून नियमांखाली आणावा, हा तिचा हेतू. हे आम्हांस आधी ठाऊक असते, तर पत्रातील निदान एक परिच्छेद आम्ही गाळला असता.

आम्ही गेलो त्याच आठवड्यात गावाबाहेरच्या पट्टीवर पुतण्याची पाळी होती. हिरवा दिवा लागला, इंजिन गरजले, आणि गाडी पुढे जाण्याऐवजी तिचा मागचा भाग बिथरलेल्या बोकडासारखा थाडथाड उड्या मारू लागला. एक मोठा आवाज झाला. शाफ्टचा क्रॉस तुटला होता. ढकलत आणलेल्या त्या गाडीपाशी तो उभा होता. “सांगितले नव्हते?” हे शब्द आमच्या अगदी ओठांवर आले होते, पण त्याचा चेहरा पाहून आम्ही ते गिळले. दुसऱ्या दिवशी सकाळी, कोणी न बोलावता, आम्ही गॅरेजमध्ये जाऊन दिवा धरून बसलो.

तेथे त्याने आम्हांस जे दाखविले, ते येथे थोडक्यात सांगतो. इंजिन चाकाला पुढे जेवढा पीळ देते, तेवढाच उलटा पीळ मागच्या आसाच्या घरावर येतो. शाफ्ट जेथे आसात शिरतो, ते त्याचे नाक वर उचलू पाहते. आस बसविलेला असतो कमानीच्या पाट्यांवर. ते लवचीक, म्हणून त्यांचा पुढचा अर्धा भाग नागमोडी वाकतो. टायर घसरला, की पीळ सुटतो, पाटा धनुष्यासारखा सरळ होतो आणि चाक उसळते. पुन्हा पकड, पुन्हा पीळ! हाच तो बोकडाचा नाच.

“मग पाटे जाड घाल,” आम्ही म्हणालो.

“काका, हे ओझ्याचेच पाटे आहेत. हौदा रिकामा असला की आधीच उडतात.”

“हौद्यात वाळूची पोती टाक.”

“पोत्यांनी गाडी जड होते आणि हळू पळते. मला मागच्या चाकांवर भार हवाय, पण गाडीत ओझं नकोय.”

हे ऐकताच आमच्यातला निवृत्त पदार्थविज्ञानशिक्षक जागा झाला. घर्षण भाराच्या प्रमाणात असते, हे तीस वर्षे आम्ही फळ्यावर लिहिले होते. आम्ही कागद मागितला. समजा, गाडी १८०० किलोंची, तिचा गुरुत्वमध्य जमिनीपासून ७० सेंटीमीटर वर, पुढच्या-मागच्या चाकांत ३ मीटर अंतर, आणि वेगवृद्धी गुरुत्वाकर्षणाच्या निम्मी. गणित मांडले, सुमारे २१० किलो भार पुढच्या चाकांवरून मागच्यांवर आपोआप सरकतो! म्हणजे उभी असताना धुरजड असलेली ही गाडी सुटताना थोडी उलाळ व्हावयास हवी. तो शब्द आमच्या तोंडून मोठ्याने निघाला. जन्मात टांग्यात न बसलेल्या पुतण्याला तो समजावून सांगण्यात अर्धा तास गेला; त्या अर्ध्या तासात तो दोनदा हसला.

मग तीन दिवस काम चालले. पाट्यांचा पुढचा भाग पट्ट्यांनी घट्ट आवळला, मागचा मोकळा ठेवला. क्रायस्लर कंपनीने १९६० नंतरच्या दशकात शर्यतीच्या मोटारींसाठी याच तत्त्वावर पाटे बनविले होते: आसापुढे ताठ, आसामागे लवचीक. पाट्याखाली एक लोखंडी दांडा बसविला. नाक उचलू लागले, की त्याच्या टोकाचा रबरी ठोकळा पाट्याच्या पुढच्या टोकाखाली टेकतो आणि चाक जमिनीवर दाबले जाते. शाफ्टच्या पिळाने उजवे चाक हलके होते, म्हणून त्या बाजूचा ठोकळा अधिक जवळ ठेवला. आसाचे नाक काही अंश खाली कलविले, म्हणजे ताण पडल्यावर ते सरळीत येईल. गाडीचे तोंड सहज उचलावे, म्हणून पुढचे शॉक अब्सॉर्बर सैल असलेले घातले. इंजिनाला मात्र हात लावला नाही.

पुढच्या खेपेस गाडी उडाली नाही. मागे किंचित बसली, तोंड वर केले आणि निघाली. पहिल्या ६० फुटांना आधी जी धाव पुरी झाली होती तिच्यात २.४ सेकंद लागले होते. आता चिठ्ठीवर २.० होते. त्याने ती चिठ्ठी आमच्या हाती दिली.

परतताना बराच वेळ कोणी बोलले नाही. मग तो म्हणाला, “तुमचं ते पत्र मी वाचलं होतं, काका. तीनदा.”

आम्हांस वाटले, त्या पत्रात जोर पुष्कळ होता, पकड नव्हती. आम्ही इतकेच म्हणालो, “अरे, ते धुरजड झालं होतं.”

त्याने मान हलविली. या वेळी शब्दाचा अर्थ त्याला विचारावा लागला नाही.