काचेची किंमत

खालाच्या मुलीच्या निकाहचे फोटो आम्हा दोघा भावांकडे होते. रात्री मांडवातल्या दिव्यांची हिरवट प्रतिबिंबे नवरीच्या चेहऱ्यावर उमटली. महागडी लेन्स धुळीपासून जपायला आम्ही तिच्यापुढे दोनशे रुपयांचा फिल्टर लावला होता! साध्या काचेची प्रत्येक बाजू सुमारे ४ टक्के प्रकाश परत फेकते. अनेक थरांचा लेप असेल तर फारच कमी.

आता बोरा बाजारात आम्ही फिल्टर दिव्याखाली तिरपा धरतो. प्रतिबिंब पांढरे लख्ख दिसले, तर परत देतो; मंद हिरवे-जांभळे दिसले, तरच भाव करतो. मोठ्या लेन्सच्या मापाचा, ७७ मिलिमीटरचा एकच चांगला घेतला. लहान लेन्सना रिंग जोडली. रात्री तोही काढून ठेवतो.

खाला कधी काही बोलली नाही. अल्बम मात्र तिने कुणाला दाखवला नाही.