खाडीचा जिताडा

धरमतरच्या पुलाअलीकडे टोपली दिसली आणि मी गाडी थांबवली. "खाडीचा हाय दादा, पहाटंच्या जाळ्यातला," म्हणत कोळणीने कल्ला उघडून दाखवला. लालभडक. घरी तुकडी तव्यावर पडली आणि चिखलाचा वास सुटला. जिताडाच होता, ताजाही होता. पण खारेपाटातल्या कुणाच्या तरी तळ्यातला. 'खाडीचा' या एका शब्दाचे पैसे मी किलोवर मोजून आलो होतो.

पुढच्या खेपेला आत्याला सोबत नेलं. ती वडखळकडची. तीच बाई, तशीच टोपली. मी वरच्या माशाला हात घातला, तर कोळणीनेच तो बाजूला सारला. "मावशी, यो तुला नको," म्हणाली आणि बर्फाखालून दुसरा काढला. गाडीत मी कुरकुरलो. आत्या म्हणाली, "तू मुंबईच्या गाडीतला. मी दर बुधवारी येते. आणि तिनं तो माल तळेवाल्याकडून उधारीवर उचललाय, बर्फ काय थांबतो का?"

कोळणीच्या त्या खोट्यावरून आठवलं: पुरुष जास्त लबाड की बायका, हेही जगभरच्या प्रयोगांत मोजलं गेलंय. 2019 मध्ये 565 प्रयोगांतल्या 44,050 माणसांचा हिशेब एकत्र मांडला गेला: खोटं बोलणारे पुरुष 42 टक्के, बायका 38. या चार टक्क्यांच्या फरकाच्या भरवशावर मी तरी मासळी घेणार नाही. अशा प्रयोगात, उदाहरणार्थ, फासा टाकून आकडा सांगायचा असतो. डोक्यावर तळेवाल्याची उधारी नसते. खोट्याचा नफा तळ्यापासूनच वाटला जातो, ते तोंडाने बोलायची पाळी मात्र टोपलीशी बसलेलीची. (जिताडा स्वतः आधी नर असतो, मोठा झाला की मादी होतो. त्याला कुठल्या रकान्यात घालणार?)

साहेबाकडे काम अडलं की जिताडा पोचवायचा, हे रायगडात पूर्वीपासून बोललं जातं. तो घेऊन जायचे पुरुष. कचेरीची पायरी बायका चढायच्याच कुठे? आणि तिथे खोटं एक अक्षर बोलावं लागत नसे. "घरच्या तळ्यातला आहे, साहेब." अगदी खरं.

त्या दिवशी मासा घेऊन आत्याच्या घरी पोचलो. आतोबा खर्चाची वही उघडून बसले होते. "केवढ्याला पडला?"

आत्याने दोनशे रुपये कमी सांगितले. माझ्याकडे बघितलंही नाही. मी खवले काढत राहिलो.